ज्या दुपारी माझा हात हरवला

मी पशुधन पर्यवेक्षक आहे. धाराशिव जिल्ह्यातल्या वाशी तालुक्यात, जनावरांच्या दवाखान्यात एकोणीस वर्षं नोकरी झाली. मी डॉक्टर नाही, पण वाड्यावस्त्यांवर मला सगळे 'डॉक्टर'च म्हणतात. आमचं घराणं मेंढपाळाचं. धाकटा भाऊ गोविंदा अजून मेंढरं राखतो, मी नोकरीला लागलो. दोघांचं पोट जनावरांवरच.

गेल्या वर्षी मला जे झालं ते लिहून काढा असं माझ्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या. ज्यांचे सगळे रिपोर्ट नॉर्मल येतात आणि तरीही जे आजारी असतात, त्यांच्या घरच्यांनी हे वाचावं एवढीच इच्छा आहे.

शेळी धरलेली होती

माघ महिना होता. आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, जाऊन तीन आठवडे झाले होते. आमच्या गावाजवळच्या एका वस्तीवर मी शेळ्यांना लस टोचत होतो. बारा-पंधरा शेळ्या झाल्या होत्या. पुढची एका म्हातारीनं दोन्ही गुडघ्यांत धरून ठेवली होती. मी सिरिंज भरली, शेळीच्या मानेवरची कातडी डाव्या हातानं उचलली आणि सिरिंज खाली पडली.

मी ती टाकली नव्हती. ती पडताना मला दिसली, इतकंच. वाकून उचलायला गेलो तर बोटं मिटेनात. डाव्या हातानं उजव्या हाताला चिमटा काढला. काहीच नाही. जोरात काढला. कातडी लाल झाली, पण ती दुसऱ्या कुणाची असावी तशी.

"डॉक्टर, काय झालं वो?" म्हातारीनं विचारलं.

"हाताला मुंग्या आल्यात," मी म्हणालो. मुंग्या आल्या असत्या तर बरं झालं असतं.

कोपरापासून खाली हात लोंबत होता. गाई-म्हशींची तपासणी करताना आम्ही खांद्यापर्यंत लांब प्लास्टिकचा मोजा घालतो. तसा जाड मोजा कुणीतरी घालून शिवून टाकला आहे असं वाटत होतं. म्हातारीच्या लेकानं मला मोटरसायकलवर मागं बसवून घरी आणलं. वाटेत एकच शब्द डोक्यात होता, लकवा. मुलगी दहावीत आहे, घरी नुकतीच विधवा झालेली आई आहे आणि मला चव्वेचाळिसाव्या वर्षी लकवा.

नॉर्मल

सोलापूरच्या एका दवाखान्यात पाच दिवस होतो. मेंदूचा फोटो झाला, मानेचा झाला, नसांना करंट देऊन तपासणी झाली. बायको सुनंदा अंगणवाडीत आहे. ती रजा टाकून बरोबर आली होती. ती डब्यातली भाकरी कुस्करून ताटात द्यायची आणि मी डाव्या हातानं सांडत खायचो.

पाचव्या दिवशी तरुण डॉक्टर आले. दमलेले होते, पण बोलले चांगलं. "सगळं नॉर्मल आहे," ते म्हणाले. सुनंदानं तिथंच हात जोडले.

"मग हात का चालंना?" मी विचारलं.

त्यांनी पेनानं माझ्या कोपराभोवती, बधिरपणा जिथं सुरू होत होता तिथं, गोल रेघ काढली. "नसा अशा बांगडीसारख्या गोल तुटत नाहीत. टेन्शन असेल. घरी जा, आराम करा."

नसा कशा जातात हे मी शिकलोय. त्यांचं बरोबर होतं. म्हणूनच मी जास्त घाबरलो. जो आजार असूच शकत नाही, तो मला झाला होता.

घरचे

घरी आल्यावर पहिले आठ दिवस सगळे हळवे होते. मग 'नॉर्मल' हा शब्द गावात फिरला आणि त्यामागून 'नाटक' हा शब्द घरातही आला. कचेरीतल्या एकानं फोनवर हसत विचारलं, "काय साहेब, बदली नको म्हणून का?" मी फोन ठेवला.

गोविंदा मेंढरं परंड्याकडं सीना नदीच्या काठाला ठेवून मला बघायला आला. आबा गेले त्या दिवशीही तो तिकडंच होता. निरोप मिळून घरी पोचेपर्यंत दिवस कलला होता. आबांचं शेवटचं तोंड त्याला जिवंतपणी बघायला मिळालं नाही. त्या दिवसापासून तो माझ्याशी कमीच बोलायचा. माझा हात हातात घेऊन त्यानं उलटासुलटा करून बघितला आणि म्हणाला, "दादा, हे बाहेरचं हाय. आबाचं कायतरी राहिलं आसंल."

त्याच्या समाधानासाठी येरमाळ्याच्या अलीकडच्या एका देवऋषीकडं गेलो. त्यानं लिंबू फिरवलं, दंडाला काळा दोरा बांधला आणि म्हणाला, "बापाचा जीव घुटमळतोय. तुझ्या हातात बसलाय." मी विज्ञान शिकलेला माणूस, पण हे ऐकून घाम फुटला. का, ते तेव्हा कळलं नाही.

महिना झाला. एक दिवस सुनंदा भाकरी करत होती. राणीला, आमच्या मुलीला, शाळेला उशीर होत होता. मी शर्टाच्या बटणांशी झगडत उभा होतो. सुनंदा एकदम म्हणाली, "किती दिवस चालायचं हे? मला तर वाटतंय तुम्हालाच बरं व्हायचं न्हाय." तिनं लगेच जीभ चावली. पण बोलून गेली होती.

मी चुलीशेजारच्या ओट्याला टेकलो. तिच्याकडं पाठ करून राणीची पाण्याची बाटली भरत होतो. पहिल्यांदा वास आला. मला वाटलं भाकरी करपली. सुनंदानं वळून बघितलं आणि किंचाळली. माझा उजवा तळवा उतरवून ठेवलेल्या तापल्या तव्यावर होता. मला पत्ताच नव्हता.

तिनं माझा हात माठातल्या पाण्यात घातला आणि तशीच धरून बसली. राणी दारात दप्तर घेऊन रडत होती. सुनंदा पुन्हा पुन्हा म्हणत होती, "चुकलं माझं. लई चुकलं." पाण्यात तळव्यावर फोड येताना दिसत होते. मला दुखत नव्हतं, तिला दुखत होतं. त्या दिवसापासून आमच्या घरात 'नाटक' हा शब्द कुणी काढला नाही. दुसऱ्याच दिवशी तिनं धाराशिवला मानसोपचाराच्या डॉक्टरकडं नंबर लावला. गावात काय बोलतील ते बोलू देत, म्हणाली.

हो आणि नाही

डॉक्टर शेख मॅडम पन्नाशीच्या असतील. त्यांनी आधी भाजलेल्या हाताची पट्टी नीट आहे का बघितली. मग हसून म्हणाल्या, "एक खेळ खेळू. डोळे मिटा. मी हाताला बोट लावीन. कळलं तर 'हो' म्हणा. नाही कळलं तर 'नाही' म्हणा."

डाव्या हाताला बोट लागलं. "हो," मी म्हणालो. पुन्हा लागलं. "हो." मग थोडा वेळ शांतता. "नाही," मी म्हणालो. पुन्हा शांतता. "नाही." मग डाव्याला, "हो." असं दहा-बारा वेळा झालं.

"डोळे उघडा, महादेवराव," त्या म्हणाल्या. "मी उजव्या हाताला पाच वेळा बोट लावलं. तुम्ही बरोबर पाच वेळा 'नाही' म्हणालात. त्या त्या वेळीच."

काय झालं ते कळायला मला क्षणभर वेळ लागला. कळलं नव्हतं, तर 'नाही' कधी म्हणायचं ते कसं कळलं? सुनंदा शेजारी बसली होती. तिच्याकडं बघायची हिंमत होईना.

"म्हणजे मी खोटं बोलतोय," मी म्हणालो.

"खोटं बोलणारा माणूस गप्प बसला असता. तो एवढा भोळा नसतो," मॅडम म्हणाल्या. "तुमच्या आतल्या कुणालातरी हाताचं सगळं कळतंय. फक्त ती बातमी तुमच्यापर्यंत पोचत नाही. पुस्तकात याला वियोजन म्हणतात. मी साधं सांगते, जोड सुटलाय. हात तुटलेला नाही, नस तुटलेली नाही. जोड सुटलाय. आणि सुटलेला जोड बसतो."

मग त्यांनी सांगितलं की हा खेळ त्यांचा नाही. सव्वाशे वर्षांहून जास्त झाली, फ्रान्समध्ये एका तरुण मास्तरानं अशाच बधिर हातांच्या माणसांबरोबर तो खेळला होता. तेव्हाही लोक म्हणत होते की ही माणसं सोंग करतात.

घरी जाताना एसटीत सुनंदानं माझा उजवा हात उचलून आपल्या मांडीवर ठेवला. "तुमी खोटं न्हाय," ती म्हणाली, "एवढंच ऐकायला आले हुते मी."

वॉर्डातले अकरा दिवस

हात भाजल्यामुळं आणि मला झोप येत नसल्यामुळं मॅडमनी अकरा दिवस दाखल करून घेतलं. मानसिक रोग्यांचा वॉर्ड म्हटल्यावर माझ्या मनात साखळ्या नि आरडाओरडा होता. तिथं दहा खाटा होत्या, निळ्या चादरी होत्या आणि खिडकीत चिमण्या होत्या. सकाळी चहा, मग गोळ्या, मग व्यायामाचे मास्तर येऊन माझी बोटं एकेक करून मिटवायचे आणि उघडायचे. वॉर्डातल्या मावशी रोज सकाळी माझ्या शर्टाची बटणं लावून जायच्या. एका शब्दानं काही विचारायच्या नाहीत. इकडचं तिकडचं बोलत बोलत लावायच्या, जणू त्यांच्या हाताला सवयच होती. त्या बाईचे उपकार मी विसरणार नाही.

दुपारी मॅडमना वेळ असला की त्या माझ्या खाटेशी स्टूल ओढून बसायच्या. मी एकदा देवऋषीची गोष्ट सांगितली आणि विचारलं, "हे सगळं थोतांडच ना?"

"तसं एका वाक्यात उडवता येत नाही," त्या म्हणाल्या. "अडीचशे वर्षांपूर्वी युरोपात एक धर्मगुरू होता. लोकांना झटके यायचे, तो देवाचं नाव घेऊन भूत काढायचा. बरीच माणसं बरी व्हायची. त्याच सुमारास एक डॉक्टर आला. तो म्हणाला, भूतबित काही नाही, माणसाच्या अंगात लोहचुंबकासारखा एक प्रवाह असतो, तो अडला की माणूस आजारी पडतो. त्यानंही झटके आणून दाखवले, थांबवून दाखवले. मग फ्रान्सच्या राजानं विद्वानांची समिती नेमली. समितीनं तपास करून सांगितलं, प्रवाह वगैरे काही नाही, ही सगळी कल्पना आहे."

"बरोबरच सांगितलं की."

"अर्धं बरोबर. प्रवाह नव्हताच. पण नुसत्या कल्पनेनं माणूस एवढा आजारी पडतो आणि बराही होतो, तर ही कल्पना म्हणजे काय चीज आहे, हे विचारायचं राहून गेलं. फाईल बंद झाली. तुमची सोलापुरात झाली तशी."

दुसऱ्या एका दुपारी त्यांनी त्या डॉक्टरच्या एका शिष्याची गोष्ट सांगितली. तो जमीनदार होता. आपल्या शेतावरच्या आजारी तरुण गड्यावर त्यानं तोच उपचार केला. गड्याला झटका आला नाही. तो झोपल्यासारखा झाला आणि झोपेतच बोलू लागला. एरवी मालकासमोर मान वर न करणारा माणूस, त्यानं मनातलं घरचं दुखणं सगळं सांगून टाकलं. जागा झाला तर त्याला काही म्हणजे काही आठवत नव्हतं.

मला तो गडी जवळचा वाटला. आमच्याकडं मेंढरांमागं हिंडणारी अशी माणसं मी बघितलीत, वर्षभरात दहा वाक्यं बोलणारी. त्यांच्या आत किती बोलणं साठलं असेल.

"आणि मग पॅरिसमध्ये एक मोठा डॉक्टर झाला," मॅडम पुढं म्हणाल्या. "तो आजारी बायकांना भरल्या सभेत आणून त्यांचे झटके दाखवायचा. ते वाईटच. पण त्यानं एक केलं. हे सोंग नाही असं ठणकावून सांगितलं. आणि हे बायकांचंच दुखणं नाही, मजुरांना, लोहारांनाही होतं, हेही दाखवलं. त्याआधी हजारो वर्षं लोक समजत होते की गर्भाशय जागचं हललं की असं होतं."

"मग मी सुटलो म्हणायचं," मी म्हणालो. महिन्या-दीड महिन्यात पहिल्यांदा हसलो. शेजारच्या खाटेवरचे काकाही हसले.

तो फ्रान्सचा मास्तर मात्र मला सगळ्यात आवडला. तत्त्वज्ञान शिकवायचा, एका बंदराच्या गावात. फावल्या वेळात तिथल्या दवाखान्यात जाऊन बसायचा, रोग्यांचं ऐकायचा आणि पेनानं लिहून ठेवायचा. सभेत कुणाला दाखवायचा नाही. पुढं स्वतः डॉक्टर झाला. त्याचं म्हणणं असं की माणूस फार थकला, फार घाबरला की त्याच्या मनाला सगळं एका मुठीत धरता येत नाही. काहीतरी सुटतं. कुणाचा हात सुटतो, कुणाचे डोळे, कुणाची आठवण. सुटलेलं मरत नाही. ते बाजूला आपलं आपण जगत राहतं.

"त्याच्याकडं एक मुलगी आली होती," मॅडम म्हणाल्या. "आईची सेवा करून पार थकलेली. आई तिच्या डोळ्यांदेखत गेली. आणि ती आई गेल्याचं विसरली. लोक सांगायचे तर ती म्हणायची, गेली असती तर मला दुःख झालं नसतं का?"

मी म्हणालो, "माझं तसं नाही. आबा गेले हे मला पक्कं ठाऊक आहे."

"हो. कुठल्या वेळी गेले?"

"दुपारी. तीनच्या सुमारास."

"तुम्ही कुठं होता?"

"तिथंच. उशाशी."

"त्या दिवशी सकाळपासून सांगा."

मी सांगू लागलो. आबांना अन्ननलिकेचा कॅन्सर होता. बार्शीच्या दवाखान्यानं, आता घरीच ठेवा, दुखणं कमी करायच्या सुया गावातल्या सिस्टरकडून देत जा, असं सांगून पाठवलं होतं. त्या दिवशी सकाळी त्यांना दोन चमचे दूध पाजलं. अंग पुसलं. अकरा वाजता सिस्टरला फोन केला तर ती लसीकरणाला दुसऱ्या गावी गेली होती, संध्याकाळी येते म्हणाली. आबा कण्हत होते. आई पायथ्याशी बसली होती.

"मग?"

"मग पाहुणे जमले. तिरडी बांधत होते."

"मधे?"

मी तोंड उघडलं. मधे काहीच नव्हतं. सकाळी अकरा आणि तिरडी एकमेकांना चिकटलेली होती. चार तास मोकळे होते आणि ते मोकळे आहेत हे मला आजवर माहीतच नव्हतं. घरात हिंडता हिंडता एक खोलीच नाहीशी आहे हे कळावं तसं झालं.

मॅडमनी पाणी दिलं. "घाई नाही," म्हणाल्या. "त्या काळचे डॉक्टर कधी कधी रोग्याच्या आठवणीच बदलून टाकायचे, चांगल्या हेतूनं. मी तसलं काही करणार नाही. तुमच्या डोक्यात मी काही घालणार नाही. तिथं तुमच्याशिवाय कोण होतं?"

"आई. सुनंदा अंगणवाडीत होती, राणी शाळेत."

आई बोलली

आईला सुनंदा दुसऱ्या दिवशी घेऊन आली. आई कधी धाराशिवच्या दवाखान्यात आली नव्हती. पदर घट्ट आवळून स्टुलावर बसली. मॅडमनी तिला हात जोडून नमस्कार केला आणि विचारलं, "आजी, त्या दुपारी काय झालं होतं?"

आई माझ्याकडं बघू लागली. "त्याला ठाव हाय की. त्यानं कधी विषय काढला न्हाय, म्हणून म्या बी न्हाय काढला. म्हणलं, लेकराला तरास नको."

"मला आठवत नाही, आई," मी म्हणालो.

तिनं स्टूल माझ्या खाटेशी ओढलं. मग बोलली. आबांचं दुखणं बारा वाजता फार वाढलं. ते अंथरुणावर पाय घासत होते. सिस्टर येईना. तेव्हा आबाच मला म्हणाले की मेंढरा-ढोरांना जन्मभर सुया देतोस, मग मला का देत नाहीस. मी नाही म्हणालो. दोनदा नाही म्हणालो. मग आईनंच औषधाचा डबा आणून पुढ्यात ठेवला. "म्या म्हणलं, म्हादू, दे बाबा. बघवत न्हाय." आणि मी दिली. थोड्या वेळानं आबांचं कण्हणं थांबलं. ते शांत झोपले. माझा हात त्यांच्या हातात होता. तीनच्या सुमारास त्यांचा श्वास थांबला.

"कुठल्या हातानं दिली?" मी विचारलं. प्रश्न वेडा होता.

"सुई कुठल्या हातानं देत्यात?" आई म्हणाली आणि तिला रडू फुटलं.

तेव्हा मला आठवलं असं नाही. पण तोंडातून आलं, "म्या मारलं त्यांना." का, तेही मीच सांगितलं. जनावरांच्या सिरिंजा मोठ्या, मात्रा मोठी. बैलाला जेवढं भरतो तेवढं माझ्या हातानं सवयीनं भरलं असेल तर? ही भीती माझ्या आत कुठं होती, किती दिवस होती, मला माहीत नव्हतं. ती तयारच होती.

आईनं डोळे पुसले. "खुळा का काय तू? एकच बाटली फोडली तू. म्या समोर हुते."

पण माझा विश्वास बसेना. तेव्हा सुनंदा उठली. "डबा हाय घरी, ट्रंकंत," ती म्हणाली. "मी उद्या आणते." तिनं आणलाही. औषधाच्या दहा छोट्या काचेच्या बाटल्यांचा खोका होता. सिस्टर प्रत्येक सुईला चिठ्ठीवर टिंब करायची. सहा टिंबं होती. खोक्यात तीन बाटल्या शिल्लक होत्या. मॅडमनी त्यातलाच बार्शीच्या दवाखान्याचा कागद काढून मात्रा वाचून दाखवली. एका वेळी एक बाटली. मी एकच दिली होती. सिस्टरनं दिली असती तेवढीच.

"आजार संपत आला होता, महादेवराव," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही त्यांचं शेवटचं दुखणं थांबवलंत, दुसरं काही नाही."

मी खोका मांडीवर घेऊन बसलो आणि रडलो. आबा गेल्यावर मी रडलोच नव्हतो. तिरडीला खांदा दिला, दहावा केला, पाहुण्यांना चहा दिला. सगळे म्हणाले, महादेव किती खंबीर आहे.

हळूहळू

कुणाला वाटेल की दुसऱ्या दिवशी हात बरा झाला. तसं झालं नाही. जुन्या पुस्तकांत तशा गोष्टी आहेत, मॅडम म्हणाल्या, रोग्यानं आठवण सांगितली आणि दुखणं गेलं. त्यातल्या बऱ्याच जणांचं दुखणं पुढं परत आलं, ते पुस्तकांत कमी लिहिलेलं असतं.

मला पाच महिने लागले. राणी रोज सकाळी एका घमेल्यात कोमट आणि दुसऱ्यात गार पाणी घेऊन बसायची. हात आलटून पालटून बुडवायचा आणि सांगायचं, कुठलं गार. सुरुवातीला करंगळीच्या कडेला काहीतरी जाणवलं. गार नव्हे, नुसतं काहीतरी. राणी ओरडत शेजारी सांगायला गेली. मग भाजलेल्या तळव्याला दुखू लागलं. दुखतंय म्हणून मी इतका आनंदलो की सुनंदा हसून हसून खाली बसली.

अधूनमधून मागं गेलो. एकदा रजेच्या कामाला कचेरीत गेलो तेव्हा साहेबांनी आवाज चढवला आणि हात पुन्हा दोन दिवस लोंबकळला. मॅडम म्हणाल्या, "घाबरू नका, त्याला वाट माहीत झाली आहे. जाण्याची पण आणि येण्याची पण." गोळ्या चालू होत्या, बोलणं चालू होतं. पावसाळा संपता संपता मी कामावर गेलो. पहिले दोन महिने नुसती नोंदवही लिहिली, तीही वेड्यावाकड्या अक्षरात.

गेलेली दुपारही तुकड्यातुकड्यानं येत होती. छताच्या पत्र्यातून पडलेला उन्हाचा कवडसा. आबांच्या दंडाची सैल कातडी. स्पिरिटचा वास. मी प्रत्येक तुकडा आईला विचारून घ्यायचो, खरंच असं होतं ना? काही खरे होते, काही नव्हते. एकदा मी म्हणालो, आबांच्या अंगावर घोंगडं होतं. आई म्हणाली, "न्हाय रं, गोधडी." ते सोडून दिलं.

गोविंदा

पौषात आबांचं वर्षश्राद्ध झालं. गोविंदा मेंढरं गड्यावर सोपवून आदल्या दिवशीच आला. जेवणं झाली, पाहुणे पांगले. दुपारी तो अंगणात लिंबाखाली एकटाच बसला होता. मी त्याच्याजवळ जाऊन बसलो. वर्षभर हे सांगायचं राहिलं होतं. आजाराचं त्याला माहीत होतं, सुईचं नव्हतं. माझ्या हातापेक्षा मला त्याचीच जास्त धास्ती होती. म्हैस-बैल टोचणाऱ्यानं बापाला टोचलं असं तो म्हणाला असता, तर मला उत्तर नव्हतं.

"गोविंदा, आबांना शेवटची सुई म्या दिली," मी म्हणालो.

मी सगळं सांगितलं. सिस्टर नव्हती, आबा मागत होते, आईनं डबा आणला, एक बाटली फोडली. हेही सांगितलं की त्या भीतीनंच माझा हात गेला होता. तो जमिनीकडं बघत काडीनं रेघा ओढत होता.

"मंग त्यांचं दुखायचं थांबलं का?" त्यानं विचारलं.

"थांबलं."

"पक्कं?"

"पक्कं. शांत झोपले."

त्यानं काडी टाकली. तोंडावरून हात फिरवला. मग लहानपणी विचारायचा तशा आवाजात म्हणाला, "दादा, आबा शेवटाला काय बोलला का? म्या नव्हतो."

मी 'नाही' म्हणणार होतो. कारण मला तेवढंच माहीत होतं. तोंड उघडलं आणि आबांचा आवाज कानात आला, घोगरा, दमलेला. सुई काढून मी कापूस दाबून धरला होता. आबांनी डोळे उघडले होते. ते माझ्याकडं बघून हसले होते, दात नसलेलं हसू. हे मी त्या दुपारपासून एकदाही बघितलं नव्हतं. भीती जिथं गाडली गेली तिथंच हेही गाडलं गेलं होतं.

"ते म्हणाले," मी म्हणालो, "लई हलका हाय रं हात तुझा. कळलं बी न्हाय."

गोविंदानं मान वळवून दाराकडं बघितलं. आई उंबऱ्यात उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे.

"व्हय," ती म्हणाली. "तसंच म्हणले. सुईचं बाहेर पडंल म्हणून म्या आजवर बोलले न्हाय. आन् मग म्हणले, गोविंदाला सांग, मेंढरं उन्हाची हिंडवू नगं."

गोविंदा दोन्ही गुडघ्यांत डोकं घालून रडू लागला. मी त्याच्या पाठीवर उजवा हात ठेवला. सदरा उन्हानं तापला होता, आणि त्याखाली त्याची पाठ हुंदक्यांनी हलत होती. मला सगळं कळत होतं.